‘आद् पार्नासुम्’ : ठिपके आणि सूर

शुद्ध रंगाचे बारीक ठिपके शेजारीं शेजारीं ठेवावे आणि त्यांचें मिश्रण रंगपाटीवर न करतां पाहणाराच्या डोळ्यांत होऊं द्यावें, हा जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचा प्रयोग. ग्रांद जात बेटावरील रविवारचें त्याचें विस्तीर्ण चित्र 1886 सालीं पॅरिसमध्यें लोकांपुढें आलें. म्हणजे ठिपका हा मुळांत प्रकाशाचा चाकर. ऊन, गवत, पाणी दाखविण्यासाठींच त्याची नेमणूक. मग दृश्य वस्तु दाखविण्याचा हेतुच ज्या चित्रांत नाहीं, तेथें त्याचें काय काम, हा प्रश्न रास्त आहे. त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस पाउल क्ले याच्या ‘आद् पार्नासुम्’ या चित्रांत मिळतें.

1932 सालचें हें चित्र बर्नच्या कलासंग्रहालयांत आहे. उंची 100 सेंटिमीटर, रुंदी 126. लहान चित्रांत रमणार्‍या क्लेच्या मानानें हा पट बराच मोठा. तळाशीं निळ्या, हिरव्या, नारिंगी रंगांचे मोठे तुकडे. त्यांवर ठिपक्यांच्या, खरें म्हणजे चिमुकल्या चौकोनांच्या, रांगा. आणि सर्वांवर मोजक्या गडद रेषा. त्या रेषांनीं एक शिखर होतें, खालीं एक कमान, वर उजवीकडे एक नारिंगी गोल. शिखराला कोणी नीसेन पर्वत म्हणतात, कोणी 1928-29 च्या हिवाळ्यांत क्लेनें इजिप्तांत पाहिलेला पिरॅमिड. म्हणोत बापडे! चित्र त्यांच्यावर अवलंबून नाहीं.

मर्म आहे तें ठिपक्यांच्या वागणुकींत. सराचे ठिपके चार पावलें मागें गेलें कीं एकमेकांत विरघळूं लागतात; क्लेचे सुटेच राहतात. छटा पायरीपायरीनें उजळते, काळवंडते, आणि तळचा रंग मधून डोकावतो. आपल्या अंगणांतील रांगोळींत ठिपके रेषेसाठीं असतात. रेषा पुरी झाली कीं त्यांची आठवण कोणास राहत नाहीं. येथें रेषा पाहुण्या आणि घर ठिपक्यांचें.

असें कां, याची खूण चित्राच्या नांवांत आहे. ‘ग्रादुस आद् पार्नासुम्’ हा फुक्स या संगीतज्ञाचा काउंटरपॉइंटवरील 1725 सालचा पाठ्यग्रंथ. आपल्या गायनांत एक सूर पुढें चालतो, बाकीचे त्याची साथ करतात. काउंटरपॉइंटमध्यें दोन-तीन चाली एकाच वेळीं स्वतंत्र चालतात आणि तरी भांडत नाहींत. क्ले संगीतशिक्षकाचा मुलगा, स्वतः चांगला व्हायोलिनवादक. तळचे तुकडे, ठिपके आणि रेषा या त्याच्या तीन चाली. ठिपक्याला वस्तु दाखविण्याच्या चाकरींतून सोडवून त्यानें त्याला सुराचा मान दिला, हें आम्हांस त्याचें मोठें काम वाटतें.

ही शिस्त प्रत्येक वेळीं फळाला आली असें मात्र नाहीं. त्याच सुमाराच्या कांहीं ठिपकेदार चित्रांत हात केवळ मोजणी करतो आहे असा भास होतो. शिवाय छापील प्रतींत छपाईचे ठिपके आणि क्लेचे ठिपके एकमेकांत कालवतात. तेवढ्यावरून कोणी याला भरतकाम म्हटलें तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं.

हें चित्र झालें तेव्हां क्ले ड्युसेलडॉर्फच्या कला-अकादमींत शिकवीत होता. 1933 सालीं नाझींनीं त्यास तेथून दूर केलें आणि वर्षअखेर तो बर्नला परतला. त्याच्या अखेरच्या वर्षांतील चित्रांत जाड काळ्या रेषांचें राज्य आहे. 1940 सालीं तो वारला. त्या रेषांचें सामर्थ्य आम्ही नाकारीत नाहीं. पण ‘आद् पार्नासुम्’मधला तो निवांत, अनेक सुरांचा मेळ त्यांत शोधूं गेल्यास हातीं लागत नाहीं.