साध्या प्रीतीचा अवघड ग्रंथ

काही ग्रंथांचे दुर्दैव असे, की त्यांची पूजा होते आणि म्हणूनच त्यांचे वाचन होत नाही. लिझ्यूच्या संत तेरेजेचे आत्मकथन, ‘एका आत्म्याची कथा’, हा असाच ग्रंथ. क्रूस आणि गुलाबाची फुले हृदयाशी धरलेली तिची मूर्ती आपण लहानपणापासून पाहतो, तिची नोव्हेना करतो, मुलींना तिचे नाव ठेवतो. पण तिने काय लिहिले असे कोणी विचारले, तर लहान गोष्टी प्रेमाने कराव्यात, एवढे सांगून आपण थांबतो. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु त्या लहान गोष्टींमागे केवढा झगडा होता, हे त्यातून कळत नाही.

सेमिनरीत असताना मी हा ग्रंथ हाती घेतला आणि, कबूल करतो, अर्ध्यावर मिटून ठेवला. ‘लहान फूल’, बाळ येशूच्या हातातील खेळण्याचा चेंडू, या प्रतिमा मला फार गोड वाटल्या. पुढे अनेक वर्षांनी तो पुन्हा उघडला तो एका प्रश्नामुळे. धर्मग्रामातील एका आजारी आजींना कम्युनियन द्यायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, “फादर, सगळा जन्म चुलीपुढे आणि वाडीत गेला. देवासाठी म्हणून मी काय केलं?” मी धीराचे चार शब्द बोललो. परतताना ते माझे मलाच पोकळ वाटले.

प्रथम या ग्रंथाची घडण समजून घेतली पाहिजे. तेरेजेचा जन्म १८७३ सालचा. पंधराव्या वर्षी ती लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने मरण पावली. तिने ग्रंथ असा लिहिलाच नाही. तीन निरनिराळ्या व्यक्तींसाठी, निरनिराळ्या वेळी लिहिलेली ही तीन हस्तलिखिते आहेत. १८९८ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीने, मदर ॲग्नेस यांनी, त्यांवर बराच हात फिरवला आणि तिन्ही जणू एकाच मठाधिकारिणीला उद्देशून लिहिली आहेत अशी त्यांची मांडणी झाली. मूळ लेखन जसेच्या तसे वाचकांपुढे आले ते १९५६ साली. म्हणून आज हा ग्रंथ वाचायचा, तर मूळ हस्तलिखितांवरून केलेल्या आवृत्तीतूनच वाचावा.

माझ्या मते ग्रंथाचे हृदय दुसऱ्या हस्तलिखितात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये, मठातच असलेल्या आपल्या सर्वात थोरल्या बहिणीच्या, मरीच्या, विनंतीवरून तिने ही मोजकी पाने लिहिली. त्यांत विलक्षण तगमग आहे. कार्मेलवासिनी असणे तिला पुरेसे वाटत नाही. तिला योद्धा, धर्मगुरू, प्रेषित, धर्मपंडित, हुतात्मा असे सारेच व्हायचे आहे. आपले जीवन कशासाठी, हा प्रश्न तिच्यापुढे आपल्या आजींइतकाच उघडा होता. संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा आणि तेरावा अध्याय वाचताना तिला उत्तर गवसते. ख्रिस्तसभा हे शरीर आहे, तर त्याला हृदयही असले पाहिजे. त्या हृदयात प्रीती होऊन राहणे हेच आपले पाचारण.

येथे सामान्य वाचक थबकतो. अशा उत्कट इच्छा असलेल्या आत्म्याचे ठीक आहे, आमचे काय? नेमका हाच आक्षेप मरीने घेतला. त्यावर तेरेजेने पाठवलेले उत्तर आत्मकथनात नाही, तिच्या पत्रसंग्रहात आहे. पण त्यावाचून हा ग्रंथ अपुरा राहतो. ती कळवते, की हौतात्म्याच्या इच्छांना काही मोल नाही. आपला लहानपणा आणि रितेपणा आपण प्रेमाने स्वीकारतो, देवाच्या दयेवर डोळे मिटून विसंबतो, हेच त्याला आवडते. हे वाचताना सेमिनरीतील माझा ग्रह गळून पडला. ज्याला मी गोडवा म्हणत होतो, तो स्वतःच्या मोठेपणाचा त्याग होता.

ही प्रीती सुखात लिहिलेली नाही, हेही ध्यानी घ्यावे. १८९६ च्या पवित्र आठवड्यात तिच्या तोंडून प्रथम रक्त पडले. त्यानंतर ईस्टरच्या दिवसांत तिच्या श्रद्धेवर काळोख दाटला आणि तो अखेरपर्यंत पुरता हटला नाही. स्वर्ग आहे की नाही, असा प्रश्न तिला छळत होता. तिसरे हस्तलिखित तिने या काळोखात, १८९७ च्या जून-जुलैमध्ये लिहिले. शेवटची पाने पेन्सिलीने लिहिली आहेत, कारण लेखणी धरण्याचे बळ उरले नव्हते. भावनेचा ओलावा आटल्यावरही जी टिकते, त्या प्रीतीची ही साक्ष आहे.

ग्रंथात उणिवा आहेत. पहिल्या भागात कौटुंबिक आठवणींचा पसारा आहे. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच भक्तीची लाडिक शब्दकळा आपल्या कानांना परकी वाटते. याहून गंभीर धोका वाचकाच्या बाजूने आहे. निमूटपणे सोसणे म्हणजेच प्रीती, असा अर्थ काढून आपण हा ग्रंथ घरातील सुनेच्या हाती देऊ नये. तेरेजेने स्वीकारलेले कष्ट तिने स्वखुशीने स्वीकारले होते. आणि नवशिक्या भगिनींची जबाबदारी आली तेव्हा, जिवावर येत असतानाही, त्यांच्या चुका तिने स्पष्टपणे दाखवल्या.

१९२७ साली, कधीही मिशनवर न गेलेल्या या तरुणीला जुन्या गोव्यात विसावलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदात्री ठरवण्यात आले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले. ज्या दोन इच्छा तिने देवाच्या हाती सोडून दिल्या होत्या, त्या अशा पुऱ्या झाल्या. तरीही या सन्मानांपासून वाचनाला आरंभ करू नये. आधी दुसरे हस्तलिखित वाचावे, मग तिसरे, शेवटी पहिले.

त्या आजींकडे पुढच्या खेपेला मी तिसऱ्या हस्तलिखितातील एक प्रसंग सांगितला. मठातील एका वृद्ध, अपंग भगिनीला तेरेजा रोज संध्याकाळी हात धरून भोजनगृहात नेई. हळू चालली तरी कुरकुर, भरभर चालली तरी कुरकुर. वाकड्या बोटांनी तिला पाव कापता येत नाही हे तेरेजेच्या ध्यानात आले. मग ती रोज पाव कापून देई आणि जाताना तिच्याकडे पाहून हसे.

आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मठातही सासू होतीच की, फादर!” आणि जरा वेळाने, अगदी हळू आवाजात, “मीसुद्धा भाकरी चुरून द्यायचे. दात नव्हते त्यांना.”

मी काही बोललो नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले होते.