स्वखर्च आणि स्वातंत्र्य : कादंबरीकाराच्या प्रकाशनाचा प्रश्न

मराठी समीक्षेत प्रकाशनसंस्थेचे नाव हा पुष्कळदा गुणवत्तेचा पूर्वपुरावा मानला जातो, आणि लेखकाने स्वतः काढलेली कादंबरी वाचण्यापूर्वीच दुय्यम ठरते. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील कादंबरीकाराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. यवतमाळला १९७३ आणि २०१९ अशी दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली; परंतु संमेलनाचा मांडव उठतो, ग्रंथव्यवहाराची केंद्रे मात्र मुंबई-पुण्यातून हलत नाहीत. म्हणून येथील लेखक एक तर हस्तलिखित दूर पाठवून उत्तराची वाट पाहतो, किंवा पदरचे पैसे घालून पुस्तक छापतो. या दुसऱ्या मार्गाला ‘स्वतंत्र प्रकाशन’ म्हणण्याची रूढी पडली आहे. ती कितपत सार्थ आहे, हे तपासले पाहिजे.

फ्रेंच साहित्यसमाजशास्त्रज्ञ रॉबेर एस्कार्पी याने प्रकाशकाच्या कार्याचे निवड, निर्मिती आणि वितरण असे तीन घटक सांगितले आहेत. स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखक यांपैकी केवळ निर्मितीचा भार उचलतो. निवड कोणीच केलेली नसते आणि वितरण कोणीच करीत नाही. बांधलेले गठ्ठे घरी येऊन पडतात, ओळखीच्यांना भेटीदाखल प्रती दिल्या जातात, आणि व्यवहार तेथेच संपतो. याला स्वखर्च म्हणता येईल. स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्य कशाला म्हणावे, याचे उत्तर मराठी कादंबरीच्या इतिहासातच आहे. हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या दुसऱ्याच्या पत्रातून आली. १८९० मध्ये त्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. येथे क्रम महत्त्वाचा आहे. पुस्तकाआधी पत्र आले, आणि पत्राबरोबर वाचक आला. यमू स्वतःची कहाणी प्रथमपुरुषी, घरगुती बोलीच्या ओघात सांगते; मध्येच थांबते, मागे जाते, ऐकणाऱ्याला विश्वासात घेते. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात हे निवेदन सहज सामावते. कादंबरीचे शीर्षकच वाचकाला विचारलेला प्रश्न आहे, आणि तो आठवड्यामागून आठवडे विचारता येईल अशी जागा लेखकाने आधी निर्माण केली होती. प्रकाशनाच्या साधनावरील अधिकार येथे कथनाच्या घडणीत उतरलेला दिसतो.

आपट्यांना पुणे हाताशी होते, हा आक्षेप योग्यच आहे. त्याला मुकुंदराव पाटील यांचे उदाहरण उत्तर देते. ‘दीनबंधु’कार कृष्णराव भालेकरांच्या या पुत्राने १९१० मध्ये ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक खेड्यातून सुरू केले. पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी हे त्याचे गाव झाले, आणि १९६७ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ते चालवले. ‘होळीची पोळी’ आणि ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ या त्यांच्या कादंबऱ्यांमागे या पत्राचा वाचक उभा होता. ‘परान्ने’ या आडनावातला उपहास कळण्यासाठी त्याला कोणत्याही टीपेची गरज नव्हती. परान्नावर जगणे म्हणजे काय, हे तो गावात रोज पाहत होता. शहरी ग्रंथव्यवहाराच्या मान्यतेवाचून खेड्यात कादंबरी जगू शकते, हे मुकुंदरावांनी दाखवून दिले. मात्र त्या मान्यतेच्या अभावी कादंबरीच्या रूढ इतिहासात त्यांना फारशी जागा मिळाली नाही, हीही वस्तुस्थिती आहे.

या स्वातंत्र्याची किंमत नाकारण्याचे कारण नाही. आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. पाल्हाळ आवरणारा दुसरा हात नसल्याच्या खुणा त्यांत आढळतात. मुकुंदरावांच्या लेखनात प्रचाराची निकड पात्रांच्या स्वायत्ततेवर अनेकदा मात करते. उलट जाणता प्रकाशक लेखकाला घडवतो. रा. ज. देशमुखांच्या आग्रहावाचून भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली असती काय, हा प्रश्न रास्त आहे. निवड म्हणजे केवळ नकाराचा अधिकार नव्हे. ती पहिल्या जाणकार वाचकाची भूमिकाही असते.

म्हणून आज थोड्या प्रती छापण्याची सोय झाली, एवढ्यावर स्वतंत्र प्रकाशनाचा प्रश्न सुटत नाही. यवतमाळला वाचक संघटित करण्याची परंपरा अपरिचित नाही. लोकनायक बापूजी अणे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस येथूनच ‘लोकमत’ साप्ताहिक चालवले. राजकीय मतासाठी जे शक्य झाले, ते कादंबरीसाठी अशक्य मानण्याचे कारण नाही. त्यासाठी कादंबरीकाराला छापखान्याच्या आधी दोन माणसे शोधावी लागतील : हस्तलिखितावर निर्भीडपणे बोलणारा एक, आणि पुढल्या प्रकरणाची वाट पाहणारा दुसरा. समीक्षेचे कामही तेवढेच स्पष्ट आहे. तिने मुखपृष्ठावरील संस्थेचे नाव वाचण्यापूर्वी पुस्तक उघडावे. तेवढे घडले नाही, तर आपट्यांच्या शीर्षकातला प्रश्न समीक्षेलाच विचारावा लागेल.