करड्या बुरशीची ओळख : फ्रेंच द्राक्षमळ्यांतील एका संशोधनाची चिकित्सा

फळपिकांच्या रोगांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात करड्या बुरशीचा विषय बहुधा एकाच वाक्यात आटोपला जातो. हा रोग बॉट्रायटिस सिनेरिया या बुरशीमुळे होतो, असे सांगून लेखक लक्षणांकडे आणि लक्षणांवरून औषधांकडे वळतो. रोगाचे नाव आणि रोगकारकाचे नाव यांत जणू काही अंतरच नाही. हे अंतर किती आहे, हे दाखवणारा एक शोधनिबंध २०११ साली ‘फायटोपॅथॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ॲन-सोफी वॉकर, एलिझाबेथ फूर्निए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात फ्रान्समधील द्राक्षमळ्यांतून बॉट्रायटिस स्यूडोसिनेरिया ही नवी जाती प्रस्थापित केली. त्या निबंधाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तिचे निमित्त मात्र घरचेच आहे, ते पुढे येईल.

अन्य विषयांच्या प्राध्यापक मित्रांसाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक वाटते. बॉट्रायटिस या प्रजातीचे नाव मिकेली या इटालियन अभ्यासकाने १७२९ साली दिले. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू द्राक्षाच्या घडासारखे लगडलेले दिसतात, आणि नावाचा ग्रीक अर्थही तोच. सिनेरिया म्हणजे राखेच्या रंगाची. ही जाती पर्सूनने १७९४ साली नोंदवली. म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षे ही बुरशी मुख्यतः तिच्या रूपावरून ओळखली गेली : करडी लव, फांद्या फुटलेले बीजाणुधर, अंडाकृती बीजाणू आणि माध्यमावर वाढवल्यास तयार होणारे काळे, कठीण जालाश्म. सडलेल्या स्ट्रॉबेरीवर एवढे दिसले की नाव लिहून मोकळे व्हायचे, ही रीत जगभर होती आणि आपल्या प्रयोगशाळांत ती आजही आहे.

वॉकर व सहकाऱ्यांच्या निबंधाचे पहिले बळ असे की, त्यांनी या रीतीला थेट कसोटीवर घेतले. फ्रेंच मळ्यांतील नमुन्यांत दोन गट आहेत, असा संशय आधीपासून होता. त्यांपैकी एक गट फेनहेक्झामिड या बुरशीनाशकाला निसर्गतःच दाद देत नव्हता. हे गट एकाच जातीतील भेद आहेत की दोन जाती, हा प्रश्न होता. लेखकांनी बीजाणूंचे आकारमान मोजले, अंकुरणाचे प्रमाण पाहिले, कवकजालाच्या वाढीचा वेग पाहिला. यांपैकी एकाही निकषाने दोन्ही गट वेगळे करता आले नाहीत. अनेक निबंधांत असा नकारात्मक निष्कर्ष तळटीपेत ढकलला जातो. येथे तो युक्तिवादाचा कणा आहे, कारण डोळ्यांना जे एक दिसते ते एकच असते, हे गृहीतक त्यामुळे कोसळते.

पुढचा पुरावा तीन अंगांनी येतो. अनेक जनुकांच्या क्रमांवरून मांडलेल्या वंशवृक्षात दोन्ही गट स्पष्टपणे वेगळ्या शाखांवर बसतात. संकराचे प्रयोग गटाच्या आतच यशस्वी होतात, गटागटांत नाही. आणि एकाच मळ्यात शेजारी राहूनही त्यांच्यात जनुकप्रवाह आढळत नाही. यांतील संकराचा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. या बुरशीचा लैंगिक संकर घडवायला काही महिने लागतात. जनुकक्रम काही दिवसांत हाती येण्याच्या काळात हे कष्ट घेणारे थोडेच. केवळ वंशवृक्षावर नवी जाती उभी करणाऱ्यांच्या गर्दीत हा निबंध त्यामुळे उठून दिसतो.

आता उणिवांकडे. लेखकांनी केलेल्या पाहणीत सिनेरिया ही सर्वत्र वरचढ ठरली. स्यूडोसिनेरिया मात्र वसंतात, गळलेल्या फुलोऱ्याच्या अवशेषांवर, तुलनेने अधिक आढळली. हे असे का, याचे उत्तर तापमानाच्या चाचण्यांत मिळाले नाही. टोमॅटो आणि घेवडावर्गीय पानांवर तपासलेल्या आक्रमकतेतही मिळाले नाही. हे लेखक प्रांजळपणे मान्य करतात. तथापि ज्या जातीचा ओढा फुलोऱ्याच्या मृत अवशेषांकडे आहे, तिची शक्ती पानांवर जोखणे कितपत न्याय्य, हा प्रश्न उरतो. आणि तो अनुत्तरित असताना द्राक्षावरील करड्या बुरशीच्या साथीत या जातीचा वाटा बहुधा नगण्य असावा, असे म्हणणे थोडे घाईचे वाटते. ‘बहुधा’ हा शब्द त्यांनी घातला आहे, हे खरे. पण पुढे उद्धृत करणाऱ्यांच्या लेखणीतून पहिल्यांदा गळतो तो हाच शब्द.

नावाबद्दलही एक शंका. ‘स्यूडो’ म्हणजे छद्म. कोणी कोणाचे सोंग घेतले आहे, हे कसे ठरले? पर्सूनने जी बुरशी पाहिली ती या दोहोंपैकी कोणती, हे केवळ रूपावरून कुणालाच सांगता येणार नाही. नामकरणाचे नियम पाळले गेले आहेत, त्याविषयी तक्रार नाही. शब्दाचा सूर तेवढा खटकतो.

औषधावरून जाती ओळखण्याचा मार्गही जपून वापरावा लागतो. सिनेरियातही ‘अर्ग२७’ या जनुकातील उत्परिवर्तनामुळे फेनहेक्झामिडला प्रतिकार निर्माण झाल्याचे आढळले आहे. म्हणजे औषधावर तगणारी प्रत्येक बुरशी स्यूडोसिनेरिया नव्हे. आपल्याकडे हुकमी समजला जाणारा आयटीएस क्रमही येथे उपयोगी पडत नाही, कारण बॉट्रायटिसच्या निकटच्या जातींत तो जवळपास सारखाच असतो. २००५ साली स्टाट्स व सहकाऱ्यांनी जी३पीडीएच, एचएसपी६० आणि आरपीबी२ ही तीन जनुके घेऊन या प्रजातीचा वंशवृक्ष मांडला, तो याच अडचणीतून.

या निबंधाच्या मागेपुढे झालेल्या कामाने त्याला दुजोराच मिळाला. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात ब्लॅकबेरीवर बॉट्रायटिस कॅरोलिनियाना २०१२ साली नोंदली गेली, आणि स्ट्रॉबेरीवरील बॉट्रायटिस फ्रॅगारिए २०१७ साली. या शेवटच्या जातीत अनेक बुरशीनाशकांना प्रतिकार मोठ्या प्रमाणात आढळला. तेव्हा ओळखीचा प्रश्न केवळ वर्गीकरणाच्या कपाटातला राहत नाही. कोणते औषध फवारायचे आणि कोणते वाया जाणार, हे त्यावर ठरते. त्याचप्रमाणे सिनेरियाच्या २२० हून अधिक आश्रयी वनस्पतींची जी यादी आपण वर्गात सांगतो, ती रूपावरून केलेल्या नोंदींचीच बेरीज आहे. तीत किती नोंदी खरोखर सिनेरियाच्या, हे नमुने जपलेले असतील तरच पुन्हा तपासता येईल.

आता ते घरचे निमित्त. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरील किंवा नाशिकच्या शीतगृहातील द्राक्षांवरील करडी बुरशी हा आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा सोयीचा प्रकल्पविषय आहे. बुरशी थंडीत वाढते, माध्यमावर लगेच उतरते, छायाचित्रे सुरेख येतात. अशा कितीतरी अहवालांवर मी स्वतः मार्गदर्शक म्हणून स्वाक्षरी केली, आणि प्रत्येकात जातीचे नाव सिनेरिया असेच होते. हा निबंध वाचल्यावर जुने नमुने शोधू लागलो, तेव्हा एकही जिवंत संवर्ध शिल्लक नव्हता. परीक्षा संपली की पेट्री-बशा धुऊन ठेवायच्या, हा आमचा शिरस्ता. त्या नोंदी चूक होत्या असे मी म्हणू शकत नाही, आणि बरोबर होत्या असेही नाही.

तीन जनुकांची तपासणी प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाही, हे उघड आहे. परंतु संवर्ध जपणे, नमुन्याची तारीख, ठिकाण आणि तो फुलावरून घेतला की फळावरून, हे लिहून ठेवणे याला यंत्र लागत नाही. आमच्या विभागाच्या अलीकडच्या एका अहवालात विद्यार्थिनीने ‘बॉट्रायटिस, सिनेरिया-गट, जाती अनिश्चित’ असे लिहिले. बहिःस्थ परीक्षकांनी तेवढ्या शब्दांखाली लाल रेघ ओढून ‘ओळख अपूर्ण’ असा शेरा दिला. तो शेरा तसाच ठेवून आम्ही अहवाल ग्रंथालयात जमा केला आहे. सोबतचे संवर्ध विभागाच्या शीतकपाटात आहेत.