चेक-आऊट १९६०

माझ्या लॅपटॉपवर 'अंदमान_फायनल_३' नावाची एक शीट आहे. दिवस, वेळ, ठिकाण, खर्च आणि शेवटी 'शेरा' असा एक कॉलम. दिवाळीनंतर सहा दिवस आईबाबांना घेऊन जायचं ठरलंय. दोघांनीही आजवर समुद्र पाहिलेला नाही. आमचं गाव भातकुली. मुंबईचा समुद्र बडनेऱ्याहून रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर आहे, पण कापूस, सोयाबीन आणि दोन पोरांची शिक्षणं यातून ती एक रात्र कधी निघाली नाही. आता माझा पुण्यातला पगार आहे, म्हणून ही शीट आहे.

आईला आधी हे गणितच कळेना. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात कुठेही विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारं लागतं. प्यायलाही जात नाही आणि शेताला दिलं तर जमीनच बिघडते. आईची निम्मी जिंदगी गोड्या पाण्याचे गुंड भरण्यात गेली. ती म्हणाली, "खारं पानी पाहाले इतले पैसे कायले? आपल्या विहिरीत का कमी हाये?"

अंदमान हे नाव बाबांनी काढलं. गोवा जवळ होता, स्वस्तही होता. पण बाबांना 'ती कोठडी' पाहायची होती. त्यांच्याकडे 'माझी जन्मठेप'ची एक प्रत आहे. पुठ्ठा सुटलेला, पानांना हळदीचे डाग. त्यांनी ती तरुणपणी वाचली आणि नंतर कुणालाही दिली नाही. त्यावर आई म्हणाली, "तीस वर्षं घरातून निघाली नाही मी, अन् आता तू मले जेल दाखवाले नेतं?"

हा वाद मी शीटमध्ये सोडवायचा प्रयत्न केला. तो तिथे सुटला नाही. मग मी तीन गोष्टी समोर ठेवल्या: बाबांची ती प्रत, टूर कंपन्यांनी पाठवलेल्या पीडीएफ आणि नेटफ्लिक्सवरची 'काला पानी' ही मालिका. सुट्टी ठरवताना आपण एका जागेचं नेमकं काय वाचतो, ते तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं.

पीडीएफपासून सुरू करते, कारण तो सध्या मराठीत सर्वाधिक वाचला जाणारा प्रवासवर्णनाचा प्रकार असावा. त्याला लेखक नसतो. क्रियापदंही फारशी नसतात: आगमन, स्वागत, प्रस्थान, मुक्काम. मी चार कंपन्यांच्या पीडीएफ मागवल्या आणि चारही एकमेकींच्या कॉपी-पेस्ट वाटल्या. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि संध्याकाळी लाइट अँड साउंड शो, नंतर स्वराज द्वीप, म्हणजे कालपरवापर्यंतचं हॅवलॉक, मग शहीद द्वीप, म्हणजे नील, मधल्या एका दिवशी बाराटांग. २०१८ साली बेटांची नावं बदलली आणि २०२४ साली पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं, पण पीडीएफमध्ये जुनी-नवी नावं एकाच ओळीत गुण्यागोविंदाने नांदतात. मराठी पीडीएफमध्ये एक शब्द मात्र हमखास येतो: 'दर्शन'. कोठडीचं दर्शन. समुद्राला 'धमाल' आणि कोठडीला 'दर्शन', अशी वाटणी पहिल्याच पानावर झालेली असते. आमच्या घरातही तीच झाली होती. बाबांना दर्शन, आईला धमाल.

पुस्तक वाचल्यावर ही वाटणी टिकत नाही. विनायक दामोदर सावरकर १९११च्या जूनअखेर मद्रासहून 'महाराजा' नावाच्या जहाजात चढले आणि ४ जुलैला अंदमानात उतरले. (आमचं विमानही चेन्नईहूनच आहे. दोन तास आणि काही मिनिटं.) दोन जन्मठेपा, पन्नास वर्षं. छातीवरच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल १९६०. मी शीटमध्ये चेक-आऊटची तारीख भरत होते आणि मांडीवर ते पान उघडं होतं. काही सेकंद मला टाइप करता आलं नाही.

'माझी जन्मठेप' १९२७ साली पुस्तकरूपाने आलं. पुढे ब्रिटिश सरकारने त्यावर बंदीही घातली. आज समाजमाध्यमांवर हे पुस्तक दोन्ही बाजूंनी दगडासारखं वापरतात. एक बाजू कोलूचं चित्र फेकते, दुसरी दयेच्या अर्जांच्या तारखा. फेकणाऱ्यांपैकी किती जणांनी ते शेवटपर्यंत वाचलंय याबद्दल मला शंका आहे, कारण वाचलं तर आधी जाणवतं ते वेळापत्रक. उठायची वेळ, कामाची वेळ, जेवायची वेळ, शौचाचीसुद्धा वेळ. काम मापात द्यायचं: आधी नारळाचा सोडणा कुटून काथ्या काढायचा, मग कोलूला जुंपून घेऊन दिवसाला तीस पौंड तेल. लेखकाची भाषा संस्कृतप्रचुर आहे, वाक्यं लांबलचक आहेत, जेलर बारीवरचा उपहास मधूनमधून जास्तच रंगतो. पण कोलूची पानं आली की वाक्यं आपोआप आखूड व्हायला लागतात, किंवा मला तरी ती तशी वाटली. मी ती बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. बाबांनी लहानपणी गावातली तेलाची घाणी पाहिली आहे. ते म्हणाले, "बैल फिरते त्या जागी मानूस. तीस पौंड म्हन्जे साडेतेरा किलो. बैल बी थांबते मधात."

इमारत हा या पुस्तकाचा दुसरा मोठा विषय. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं ती बांधली गेली. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघायच्या. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कुणाला कुणाचा चेहरा दिसू नये. मी कामावर सिस्टिम डिझाइन करते. एकमेकांशी बोलू न शकणारे जवळपास सातशे नोड बनवायचे असतील तर याहून चोख आराखडा मला सुचणार नाही. आणि त्या आराखड्याला भोक पाडलं टकटकीने. बेड्या, भिंती, ठोक्यांची संख्या यांतून कैद्यांनी अक्षरं बनवली. बिल्ला, कोलू आणि बारी यांची चित्रं सगळीकडे फिरतात, पण या सांकेतिक भाषेबद्दल मी पुस्तक वाचेपर्यंत एकाही रीलमध्ये ऐकलं नव्हतं.

टकटकीला दुसऱ्या बाजूला कुणीतरी लागतं. इथे माझं पीडीएफशी भांडण सुरू होतं. पीडीएफमध्ये जेल म्हणजे एक कोठडी आणि एक माणूस. पुस्तकात गर्दी आहे. बंगालचे बारींद्रकुमार घोष आहेत. त्यांनी स्वतःही अंदमानावर पुस्तक लिहिलं. उल्लासकर दत्त आहेत, ज्यांचं मन छळाने ढासळलं आणि ज्यांना शेवटी मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात हलवावं लागलं. इंदुभूषण रॉय आहेत, ज्यांनी १९१२ साली कोठडीत गळफास घेतला. थोरले भाऊ बाबाराव त्याच तुरुंगात होते, तरी भावाभावांची नीट भेट व्हायला किती काळ गेला ते पुस्तकातच वाचा. शिवाय चोऱ्या, खून करून आलेले, नाव नसलेले कैदी आहेत, आणि माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात जिवंत माणसं तीच आहेत. पुस्तकाच्या नंतरचीही गर्दी आहे: १९३३च्या उपोषणात जबरदस्तीने अन्न कोंबताना महावीर सिंह, मोहित मैत्र आणि मोहनकिशोर नमोदास गेले. मराठी पर्यटक त्या नावांवरून सेल्फीसाठी पुढे सरकतो. त्यात आमचा मामेभाऊही होता, त्याचे फोटो मी पाहिले आहेत.

पुस्तकावरही माझी तक्रार आहे, आणि ती बाबांना आवडली नाही. पठाण, बलुची वॉर्डर येतात तेव्हा लेखकाची नजर माणसावरून उठून त्याच्या धर्मावर जाते आणि तिथेच थांबते. नंतरची शुद्धी आणि संघटनाची पानं मला प्रचारकाची वाटली. कैद्यांना अक्षरओळख करून देणारा, तुरुंगात ग्रंथालय व्हावं म्हणून भांडणारा लेखक मला जवळचा वाटतो. तोच पुढच्या प्रकरणात माणसांची मोजणी करायला बसतो. बाबा म्हणाले, "तू एसीत बसून वाचते. त्याइले मार खा लागे." हे उत्तर खोडता येत नाही, पण माझी तक्रारही त्याने खोडली जात नाही. आम्ही तो विषय जेवणापुरता बंद केला.

जंगलातली मूळ माणसं या पुस्तकात येतात ती दुरून, कैद्यांच्या कुंपणापलीकडून. पीडीएफमध्ये ती थेट प्रेक्षणीय स्थळ होतात. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरावीक वेळी ताफ्याने सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हा रस्ता त्या भागात बंद करायला सांगितलं होतं. २०१२ साली जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गेला. तरी माझ्याकडच्या एका पीडीएफमध्ये 'आदिवासी दिसण्याची शक्यता' असं ठळक अक्षरात आहे. ताडोब्याच्या जाहिरातीत वाघाबद्दल असतं, अगदी तेच वाक्य.

हा प्रश्न नीट विचारते ती नेटफ्लिक्सची मालिका. २०२३ साली आलेल्या 'काला पानी'त आशुतोष गोवारीकर नायब राज्यपाल आहेत, मोना सिंग डॉक्टर आणि आपला अमेय वाघ लाचखाऊ पोलीस. (अमेयने इतका तेलकट माणूस याआधी केला नव्हता. तो पडद्यावर आला की मला हात धुवावेसे वाटतात.) बेटावर साथ येते आणि सुट्टीसाठी बायकापोरांसह आलेला एक साधा पगारदार माणूस तिथे अडकतो. त्याचं सामान, त्याची चिडचिड, बायकोसमोर सगळं नियंत्रणात असल्याचा त्याचा आव, हे पाहताना मला माझी शीट आठवत होती. बेटाला किती माणसं झेपतात, बाहेर पडायचा हक्क आधी कुणाचा, हे प्रश्न मालिका सुरुवातीला फार धारदारपणे विचारते. पुढे मात्र तिने कल्पिलेली ओराका जमात म्हणजे बाहेरच्यांसाठीचं औषध होऊन बसते. जंगलातल्या माणसाने आपल्या उपयोगी पडावं, ही अपेक्षा मालिकेला सोडता आली नाही. तरीही ती पाहून मी शीटमधली बाराटांगची ओळ काढून टाकली. मामेभावाने विचारलं, "मंग पाह्यलं काय अंदमानात?"

आता आईकडे येते, कारण खरा पेच तिथे होता. एका रात्री मी तिला १९१९ची भेट वाचून दाखवली. सावरकर येऊन आठ वर्षं झाली होती. धाकटे बंधू डॉ. नारायणराव आणि सावरकरांच्या पत्नी यमुनाबाई भेटायला अंदमानात आले. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी यायच्या होत्या, पण त्या त्याआधीच वारल्या. भेटायला आलेल्यांत वहिनी दिसत नाहीत, हे कळायचा तो क्षण लेखकाने फार थोडक्यात लिहिला आहे. एरवी अलंकारांचा सोस असलेला हा माणूस तिथे हात आखडतो. मला ते या पुस्तकातलं सर्वोत्तम लेखन वाटतं.

आई बराच वेळ गप्प होती. मग तिने जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं. "थ्या बाईले जहाज लागलं नसन का? उतरली कुठं, राह्यली कोनाकडे?"

पुस्तकातून याचं फारसं उत्तर मिळत नाही. लेखक तुरुंगात होता, त्याच्या वाट्याला आली ती फक्त भेट. पण अंदमानला जायचं ठरवणं, परवानगीची वाट पाहणं, सामान बांधणं, आणि जिच्यासोबत जायचं तीच वाटेत गळणं, हा सगळा प्रवास त्या घरातल्या माणसांनी केला होता. आईच्या प्रश्नाने मी पुन्हा मागे गेले. डोंगरीच्या तुरुंगात, अंदमानला धाडण्याआधी, सावरकर यमुनाबाईंना काटक्यांच्या घरट्याचा दाखला देऊन समजावतात, तो प्रसंग मी आधी थोर उद्गार म्हणून वाचला होता. आता वाचताना नजर गजाबाहेर उभ्या असलेल्या, फारसं काही न बोलणाऱ्या तरुण बाईवर राहिली. ही कथा तिच्या बाजूने लिहिली असती तर तिची सुरुवात बहुधा तिकिटाच्या पैशांपासून झाली असती.

आईचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. ती जेलमध्ये येणार आहे, पण कोठडीपर्यंत चढणार नाही, गुडघे दुखतात. खाली अंगणात बसणार. संध्याकाळच्या शोमध्ये तिथलं जुनं पिंपळाचं झाड गोष्ट सांगतं, हे तिला पटण्यासारखं वाटलं. "झाडाले माहीत असन," म्हणाली.

शीट आता 'फायनल_५' झाली आहे. जेलला दोन तासांऐवजी पूर्ण सकाळ दिली. वायपर बेट जमलं तर पाहायचं, जिथे १८७२ साली लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला फाशी दिली. १८५८ पासून आणलेल्या कैद्यांचे वंशज तिथे 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखले जातात. त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर बाबांना बोलायचं आहे, काय ते त्यांनी मला सांगितलं नाही. बाराटांगच्या रिकाम्या दिवशी कॉर्बिन्स कोव्हला नुसतं बसून राहायचं. बाबांची प्रत केबिन बॅगेत जाणार, चेक-इनमध्ये टाकायला त्यांनी नकार दिला. सात किलोच्या मर्यादेत ती बसावी म्हणून मी माझा चार्जर आणि एक जीन्स काढली.

'शेरा' कॉलममध्ये आईने काल फोनवरून एक नोंद लिहायला लावली: पिण्याचं पाणी गोड आहे का, आधी विचारून घेणे.