सुईची दोन नावे

वारीत वर्तमानपत्राचे दोन उपयोग. सकाळी वाचायचे, दुपारी त्यावर भाकरी ठेवायची. यवतला पिठलं-भाकरी खाताना माझ्यापुढे असाच एक कागद आला. एका बाजूला उत्तेजक घेताना सापडलेल्या खेळाडूची बातमी, मथळ्यात ‘कलंक’ हा शब्द. कागद उलटला तर एका नटीचा पानभर फोटो. वय पन्नाशीचे, चेहऱ्यावर सुरकुती नाही. खाली तिचे गुपित छापलेले: भरपूर पाणी आणि प्रसन्न मन. माउली, प्रसन्न मनाने सुरकुत्या जात असत्या, तर आपल्या दिंडीतल्या एकाही म्हातारीच्या तोंडावर त्या दिसल्या नसत्या.

खेळाडूला शासन व्हावे, याबद्दल वाद नाही. १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन १०० मीटर अंतर ९.७९ सेकंदांत धावला. अंगात स्टॅनोझोलॉल नावाचे स्टिरॉइड सापडले आणि तीन दिवसांत पदक गेले. योग्यच झाले. शर्यतीचा नियम मोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातला घास उचलणे.

तुम्ही म्हणाल, शर्यतीला नियम असतो, चेहऱ्याला कसला नियम? बरोबर आहे. नटायला संतांनी तरी कुठे मनाई केली? आपणही गोपीचंदन लावतो, बुक्का लावतो, गळ्यात तुळशीमाळ घालतो. पण गोपीचंदन लावून ‘मी जन्मलोच असा’ असे कोणी म्हणत नाही. संतांना चीड होती ती सोंगाची. म्हणून माझी तक्रार त्या नटीवर नाही. तिचे पोट त्या चेहऱ्यावर आहे. तक्रार वर्तमानपत्रावर आहे. खेळाडूच्या दंडात काय टोचले, कोणी टोचले, हे शोधायला ते बातमीदार धाडते. नटीच्या कपाळात काय टोचले, हे मात्र विचारत नाही. विचारले तर शेजारच्या पानावरची जाहिरात जाईल. एकाच सुईला इकडे लबाडी म्हणायचे आणि तिकडे निगा.

याहून विचित्र गोष्ट दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्या हिची. २००९ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ८०० मीटरच्या शर्यतीत तिने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिने काहीही घेतले नव्हते. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन जन्मतःच जास्त तयार होते. पण जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या पोरीचा जबडा, आवाज, छाती यांची जाहीर चर्चा मांडली. ही बाई आहे की नाही, असा चावडीवर प्रश्न. महिना उलटतो न उलटतो, तोच तिच्याच देशातल्या एका मासिकाने तिचे केस रचले, चेहरा रंगवला, झगा आणि दागिने घातले, मुखपृष्ठावर छापले आणि वर वाहवा केली. देवाने दिलेले रूप संशयाचे ठरले आणि रंगवलेले पसंत पडले. पुढे २०१८ साली अ‍ॅथलेटिक्स महासंघाने नियम केला की, अशा स्त्रियांनी या अंतराला धावायचे तर टेस्टोस्टेरॉन उतरवले पाहिजे, म्हणजे औषध घेतले पाहिजे. २०१९ साली क्रीडा लवादाने तो नियम कायम ठेवला. इतर धावणाऱ्या स्त्रियांवर अन्याय होऊ नये, हा महासंघाचा मुद्दा होता, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण औषध घेतले म्हणून एकाला हाकलायचे आणि औषध घे म्हणून दुसरीला अडवायचे, यातली विसंगती किती पत्रांनी मांडली?

आता आपल्या घरात या. गोरेपणासाठी म्हणून मेडिकलमधून आणलेल्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. बेन जॉन्सनच्या स्टिरॉइडची जात वेगळी, ते स्नायू वाढवते. मलमातले त्वचेचा दाह दडपते. महिनाभर तोंड उजळल्यासारखे वाटते. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, गालांवर केस उगवतात, आणि मलम थांबवले की आग अधिकच भडकते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकायला बंदी केली. या स्टिरॉइडसाठी आठ कॉलमी मथळा मी तरी पाहिला नाही.

पाहिली ती पोर. यवतलाच, आमच्या पंगतीत. उन्हामुळे पदर ओढला असेल, असे वाटले होते. पदर सरला तेव्हा गाल भाजल्यासारखे दिसले. लग्न जमत नाही म्हणून दोन वर्षे ट्यूब लावत होती, असे तिची आई म्हणाली. आपला देव काळा, माउली. त्या काळ्याच्या पायी डोके ठेवायला निघालेली पोर आपला काळेपणा जाळत होती, आणि इतकी वर्षे टाळ वाजवणारे आम्ही शेजारी चालत होतो. आरोग्य पथकाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले, ट्यूब एकदम न सोडता कशी सोडायची ते सांगितले.

परत येऊन ती पंगतीत बसली. माझ्यापुढचा कागद तिने ओढून घेतला, नटीचा फोटो बराच वेळ पाहिला.

‘‘माउली, नुसत्या पाण्यानं असं तोंड व्हतं का हो?’’

‘‘नाही होत,’’ मी म्हणालो.

‘‘पण छापलंय की,’’ ती म्हणाली.