म्हाताऱ्या बैलाचा निरोप : ग्रामीण आणि दलित साहित्याच्या सीमेवरून

मराठी ग्रामीण साहित्यावरील समीक्षेत बैल जागोजागी आढळतो. म्हातारा बैल मात्र शोधावा लागतो. समीक्षकाला बैल दिसतो तो बहुधा कशाचे तरी प्रतीक म्हणून : कधी कुणब्याच्या कष्टाचे, कधी मोडत चाललेल्या कृषिसंस्कृतीचे, कधी मूक सोसण्याचे. प्रतीकाला वय नसते. त्याचे दात झिजत नाहीत, त्याचा खांदा सुजत नाही, बसल्या जागेवरून उठताना त्याचे मागचे पाय थरथरत नाहीत. त्यामुळे ज्या जनावराबरोबर दहा-बारा वर्षे एका घराने काढली, त्याचे म्हातारपण आणि त्याचा निरोप हा अनुभव साहित्यात नेमका कोठे आणि कोणत्या रूपात आला, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. ‘माणूस आणि मुके जनावर यांचे जिव्हाळ्याचे नाते’ एवढे म्हणून ती पुढे सरकते.

हा प्रश्न पुस्तकातून उचलण्याआधी तो जेथे घडतो तेथून पाहणे उपयुक्त ठरेल. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा हा काळ्या जमिनीचा, कापसाचा, ज्वारीचा आणि अलीकडच्या काळात मोसंबीचा प्रदेश. भोकरदन-जाफराबादपासून अंबड-घनसावंगीपर्यंत गावापासून दूर, शेतात, गुरे बांधण्याची जागा असते. तिला आखाडा म्हणतात. धनी गावात निजतो, सालगडी आखाड्यावर. बैलाच्या श्वासाचा आवाज रात्री कोणाच्या कानी पडतो, या साध्या गोष्टीत पुढच्या चर्चेचे बरेच काही दडलेले आहे.

बैलाचे वय मोजण्याची या प्रदेशाची भाषा कमालीची नेमकी आहे. दुधाचे दात असलेला आदत, पहिली जोडी आलेला दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास आठही दात पूर्ण झाले की ‘जुळला’. येथवर प्रत्येक पायरीला नाव आहे, कारण प्रत्येक पायरीला बाजारात वेगळी किंमत आहे. बैल जुळल्यानंतरचे वय मात्र फक्त दातांच्या झिजेवरून अंदाजाने सांगायचे. तेथे नावे संपतात आणि ‘म्हातारा’ हा एकच ढोबळ शब्द उरतो. बाजाराने दिलेली ही परिभाषा, आणि ती जेथे मुकी होते तेथेच घरातल्या माणसाचे दुःख सुरू होते. साहित्याला या मुक्या टप्प्यासाठी स्वतःची भाषा घडवावी लागणार होती.

परंपरेने एक भाषा दिली होती, ती पोळ्याची. श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळली जाते, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलाला दिले जाते. बहिणाबाई चौधरींनाही पोळ्यावर कवन करावेसे वाटले, ते या ऋणभावनेमुळेच. परंतु पोळा हा कामाच्या बैलाचा सण आहे. तो दरवर्षी परत येतो. किंबहुना परत येणे हाच त्याचा आशय. ज्या बैलाला पुढचा पोळा नाही त्याच्यासाठी या विधीत वेगळी जागा नाही. कृतज्ञतेचा विधी आहे, निरोपाचा नाही. ज्याच्या दावणीला बैल नाही तो मातीचे बैल पुजतो, आणि मातीचे बैलही म्हातारे होत नाहीत.

विधी नसल्यामुळे निरोपाचे काम बाजाराने केले. थकलेला बैल एके दिवशी आठवडी बाजाराकडे निघे, दाव्याचे टोक दुसऱ्याच्या हाती जाई, आणि त्यापुढे काय झाले हे घराने विचारायचे नसे. ग्रामीण कथेनेही ही सोय जशीच्या तशी स्वीकारली. बैल विकल्याचा प्रसंग हा ग्रामीण कथेचा एक ठरलेला साचा बनला : घरातल्या बाईने ओवाळणे, पोराने हंबरडा फोडणे, बैलाने वेशीपाशी मान वळवून पाहणे. साचा परिणामकारक आहे, म्हणून तर तो टिकला. पण त्याने एक चलाखीही केली. म्हातारपणाची कथा त्याने दारिद्र्याची कथा करून टाकली. कर्ज नसते, दुष्काळ नसता, तर हा वियोग झालाच नसता, असा भास त्यातून निर्माण होतो. वस्तुतः कर्ज फिटले असते तरी बैल म्हातारा झालाच असता.

या साच्याच्या पलीकडे गेलेली कादंबरी म्हणून आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’कडे (१९७१) पाहावे लागते. कागल परिसराच्या बोलीत, प्रथमपुरुषी निवेदनातून उभी राहिलेली ही कादंबरी मराठवाड्याची नव्हे. पण तिच्यातला नारबा जालन्याच्या कोणत्याही आखाड्यावर ओळखू येईल. त्याला स्वतःचे घर-संसार नाही. धन्याच्या मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरांचे प्रयोजन संपत जाते. समीक्षेने या कादंबरीचे वाचन बहुधा यंत्र विरुद्ध निसर्ग या द्वंद्वात केले. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. कादंबरीतली खरी धार वेगळ्या ठिकाणी आहे : जनावरांना निरोप देण्याचा अधिकार धन्याचा आहे आणि निरोपाचे दुःख गड्याचे. मालकी एकीकडे, नाते दुसरीकडे. ‘शेतकऱ्याचे बैलावरचे प्रेम’ हा आपल्या समीक्षेचा लाडका शब्दसमूह या एका फटीने उसवला जातो. कारण शेतकरी म्हणजे कोण, ज्याच्या नावावर बैल आहे तो, की जो रात्री उठून त्याच्यापुढे कडबा टाकतो तो, हे आधी ठरवावे लागते. नारबाला आपले दुःख ‘माझा बैल गेला’ असे म्हणता येत नाही. षष्ठी विभक्तीचा तेवढाही हक्क त्याला नाही. यादवांनी निवेदन धन्याच्या तोंडी न देता नारबाच्या तोंडी दिले, हा केवळ बोलीचा प्रयोग नव्हता. शोक कोणाचा हे त्या निवडीने ठरवले.

तरीही ‘गोतावळा’ जेथे थांबते तेथे एक कुंपण आहे. जनावर मळ्याबाहेर गेले की निवेदकाच्या दृष्टीबाहेर जाते. हे कुंपण किती खोल रोवलेले आहे हे पाहायचे तर शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ‘महेश’ ही बंगाली कथा शेजारी ठेवावी. गरीब मुसलमान विणकर गफूर, त्याची मुलगी आमिना आणि म्हातारा, उपाशी बैल महेश. गोवंशाच्या पावित्र्याचे बोल सुनावणारा तर्करत्न दोन पेंढ्या गवत देत नाही. गफूर एकदा बैल विकायला तयार होतो, पण घेणारे त्याच्या कातड्याची किंमत करू लागताच त्यांना हाकलून देतो. शेवटी तहानेने कासावीस झालेला महेश पाण्याची घागर पाडतो आणि भान सुटलेल्या गफूरच्याच हातून मरतो. म्हाताऱ्या जनावराचा सांभाळ आणि त्याचा अंत एकाच हाताने घडतो, हे या कथेचे भीषण सामर्थ्य. परंतु येथील युक्तिवादाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे दोन-तीन वाक्यांचे दृश्य. शेजारच्या गावचे चर्मकार येतात, महेशला बांबूला बांधून नेतात, आणि त्यांच्या हातातल्या धारदार सुऱ्या पाहून गफूर डोळे मिटून घेतो. शरच्चंद्रांनी निदान सुऱ्या दाखवल्या. मराठी ग्रामीण कथेने पुष्कळदा त्याही आधी डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांपलीकडचे वर्णन मराठीत आहे; ते दुसऱ्या कपाटात ठेवलेले आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मेलेल्या जनावराचे जग उघड्या डोळ्यांनी आलेले आहे : वर घिरट्या घालणारी गिधाडे, त्यांच्याशी होणारी झटापट, मांसाच्या वाटण्या, वाळवून ठेवलेल्या चान्या. ग्रामीण कथेत जो बैल घरातला होता तोच येथे ढोर होऊन येतो. एका साहित्याच्या वाट्याला अश्रू आले, दुसऱ्याच्या वाट्याला कलेवर. ही वाटणी वाङ्मयीन नव्हे. गावगाड्याने केलेली श्रमाची आणि विटाळाची वाटणी आहे. ज्या कुणब्याने बैलाच्या मानेला मिठी मारली त्याने मेलेल्या बैलाला हात लावायचा नव्हता. ज्याने तो ओढून न्यायचा त्याने जिवंतपणी त्याच्यावर माया करण्याचा प्रश्नच नव्हता, उलट गावात जनावर दगावले की विष घातल्याचा आळ त्याच्याच माथी येई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले तेव्हा ते एका समाजाच्या स्वाभिमानाचे आवाहन होतेच. पण त्याने दुसऱ्या बाजूपुढेही एक प्रश्न ठेवला. आपल्या लाडक्या जनावराचे शेवटचे काम आता कोण करणार? ग्रामीण साहित्याने हा प्रश्न दीर्घकाळ ऐकलाच नाही. तो अजूनही संपलेला नाही, हे २०१६ मध्ये गुजरातेत ऊना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना झालेल्या मारहाणीने, आणि त्यानंतर मृत जनावरे उचलण्यास दिल्या गेलेल्या नकाराने, स्पष्ट केले.

येथे भावविवशतेच्या आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. जनावराच्या वियोगावरील लेखन हे स्वभावतःच गहिवराकडे झुकते, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. होमरला तसे वाटले नव्हते. वीस वर्षांनी परतलेल्या ओडिसियसला उकिरड्यावर पडलेला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस ओळखतो आणि मरतो. नायक चोरून एक अश्रू पुसतो, कारण तो वेषांतर करून आलेला आहे. महाभारतातही स्वर्गाच्या दारी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून आत जायचे नाकारतो, आणि ते करुणेचे प्रदर्शन म्हणून नव्हे, आश्रिताचा त्याग न करण्याचा धर्म म्हणून. गहिवर निर्माण होतो तो प्रेमाच्या अतिरेकाने नव्हे, तपशिलाच्या अभावाने. वेशीपाशी मान वळवणारा बैल भावविवश वाटतो, कारण तो दृश्य सुंदर राहील एवढाच दाखवलेला असतो. त्याच्या खांद्यावरचे आवाळू, जोडीचा बैल नव्या बैलाबरोबर एका जुवाखाली न चालणे, उजव्या अंगाला शिकलेल्या बैलाला डावीकडे जुंपल्यावर होणारी ओढाताण, दात झिजल्यामुळे त्याला कुट्टी करून घालावी लागणारी वैरण : हे सारे लिहिले गेले तर गहिवराला उभे राहायला जागा उरत नाही. शहरी मध्यमवर्गीय लेखनात अलीकडे कुत्र्या-मांजरांच्या मृत्यूवर बरेच लिहिले जाते आणि त्यात पशुवैद्य, सलाईन, औषधांच्या वेळा येतात. त्याला चटकन हसण्याची ग्रामीण समीक्षेची सवय फारशी स्पृहणीय नाही. निदान त्या लेखकांनी शेवटचे दिवस पाहिले आहेत.

आज जालन्यासारख्या जिल्ह्यात या निरोपाची भौतिक परिस्थितीच पालटली आहे. नांगरणी ट्रॅक्टरकडे गेली आणि ‘बैलबारदाना’ या शब्दातला बारदाना पुष्कळ ठिकाणी गोठ्याच्या आढ्याला टांगला गेला. २०१२-१३ च्या दुष्काळाने मोसंबीच्या बागा वाळवल्या, तशा दावणीही रिकाम्या केल्या. त्या काळात राज्यात ठिकठिकाणी उघडलेल्या चारा छावण्यांच्या हिशेबात जनावरे ‘मोठी’ आणि ‘लहान’ अशा दोनच सदरांत मोडत. म्हाताऱ्याला तेथेही सदर नव्हते. पुढे १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या प्राणी रक्षण कायद्यातील दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळूही कत्तलबंदीच्या कक्षेत आले. या कायद्याची भलाबुराई हा या लेखाचा विषय नाही. त्याचा कथेवर झालेला परिणाम मात्र विषय आहे. बाजाराच्या दिशेने जाणारी ती जुनी वाट, जिच्या वळणावर ग्रामीण कथा संपत असे, ती बंद झाली. म्हातारा बैल आता एकतर मोकाट सोडला जातो, नाहीतर गोशाळेत पोचवला जातो, नाहीतर दावणीलाच राहतो. कथेला शेवटपर्यंत थांबणे भाग पडले आहे.

‘बलुतं’मधली गिधाडेही आज राहिली नाहीत. त्यांच्या नाहीसे होण्याचे कारण २००४ मध्ये निश्चित झाले : दुखणाईत जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. म्हाताऱ्या बैलाचे सांधे दुखू नयेत म्हणून टोचलेल्या औषधाने आकाश रिकामे केले, ही वस्तुस्थिती एखाद्या कादंबरीकाराने कल्पनेने रचली असती तर समीक्षकांनी तिला अतिरंजित म्हटले असते.

गिधाडे नाहीत आणि ओढून नेणारे आता येत नाहीत, म्हणून बैल ज्याचा त्याने स्वतःच्या बांधावर पुरायचा, असे होऊ लागले आहे. जेसीबी बोलावून खड्डा घेतला जातो, वर मीठ टाकले जाते. काही ठिकाणी दहावा-तेरावाही घातला जातो आणि त्याची बातमी स्थानिक वृत्तपत्रात येते. या बदलाची पहिली नोंद भाषेने केली आहे. मेलेल्या ढोरासाठी गावाच्या तोंडी पूर्वी ‘ओढणे’ हे क्रियापद होते आणि त्याचा कर्ता ठरलेला होता. आता ‘बैलाला माती दिली’ असे म्हटले जाते. हे क्रियापद माणसांसाठीचे आहे, आणि त्याचा कर्ता बैलाचा धनी आहे. ज्या हातांनी खांदेमळणी केली त्याच हातांनी माती लोटायची, हा प्रसंग ग्रामीण कथेला पूर्वी उपलब्धच नव्हता. तो लिहिताना खड्ड्याच्या काठावर सालगडी कोठे उभा आहे आणि ओढण्याचे काम ज्यांनी टाकून दिले त्यांच्या वस्तीतून कोण ते पाहत आहे, हेही लेखकाला लिहावे लागेल.