शांतिपर्व आणि धाकटीं भावंडें

कादंबरीकार बी. रघुनाथ यांच्या १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीचें नांव 'म्हणे लढाई संपली' असें आहे. त्या कादंबरीचें परीक्षण करण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु तिच्या नांवांतील 'म्हणे' या एका शब्दाचा विचार करावा तितका थोडाच आहे. लढाई संपल्याची वार्ता सरकार देतें, वर्तमानपत्रें देतात, गांवांत साखर वाटली जाते. आणि तरीहि ज्या घरांतला माणूस लढाईहून परत आलेला असतो, त्या घराला ती वार्ता ऐकीवच वाटते. त्यांतहि घरांत पंधरा-सोळा वर्षांचें धाकटें भावंड असेल तर त्याला ती सर्वांहून अधिक ऐकीव वाटते. आमच्या वाङ्मयानें या भावंडाकडे कितपत पाहिलें आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

वीराचें प्रयाण हा आमच्या शाहिरांचा आवडता प्रसंग. पोवाड्यांत शाहीर वीराला घोड्यावर बसवितो, रणांत नेतो आणि पुष्कळदां रणांतच ठेवतो. जो परत येतो तो विजयी होऊन येतो. जात्यावरच्या ओवींत बहीण भावाची वाट पाहते. पंचमीला किंवा दिवाळीला भाऊ मुराळी होऊन आला कीं तिचें अंगण भरून जातें. येणें म्हणजे आनंद, हें समीकरण या गीतांत इतकें पक्कें आहे कीं, उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकूनहि ज्याचें मन बाहेरच राहिलें अशा भावासाठीं ओवी सांपडणें कठीण. आईच्या अश्रूंना आणि पत्नीच्या विरहाला वाङ्मयांत मानाची जागा आहे. धाकट्या भावंडाला ती मिळालेली नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजी वाङ्मयानें परतलेल्या सैनिकाचा विषय हातीं घेतला. तोफांच्या भडिमारानें ज्यांचीं मनें विस्कटून गेलीं त्यांच्या व्याधीला 'शेल-शॉक' हें नांव १९१५ सालीं वैद्यकीय लेखनांत आलें. पुढें १९१८ सालीं रिबेका वेस्ट यांची 'द रिटर्न ऑफ द सोल्जर' आणि १९२५ सालीं व्हर्जिनिया वुल्फ यांची 'मिसेस डॅलोवे' या कादंबऱ्या निघाल्या. परंतु तेथेंहि परतलेल्या माणसाकडे पाहणारे डोळे मुख्यतः पत्नीचे, चुलत बहिणीचे किंवा वैद्याचे आहेत. धाकट्या भावाची जागा या सर्वांहून अवघड आहे. पत्नीला विचारण्याचा हक्क असतो, आईला रडण्याचा असतो, बापाला निदान रागावण्याचा असतो. धाकट्याला यांपैकीं एकहि हक्क नाहीं. दादा गेला तेव्हां शाळेंत त्यानें दादाच्या नांवावर मान मिरविलेला असतो. आतां तोच दादा रात्रीं दचकून उठतो, ताटावरून अर्ध्यांत उठून जातो, क्षुल्लक कारणावरून अंगावर धांवून येतो. ही गोष्ट मित्रांना सांगावी तर दादाची अप्रतिष्ठा होते, आणि न सांगावी तर ती मनांत मावत नाहीं. ज्या वयांत मनुष्य आपला आदर्श निवडतो, नेमक्या त्या वयांत निवडलेला आदर्श त्याच्या डोळ्यांदेखत मोडत असतो.

मराठवाड्याला हा विषय परका म्हणतां येणार नाहीं. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला. परंतु निजामाच्या हैदराबाद संस्थानांत असलेलें नांदेड आणि त्या काळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडणारें लातूर हीं त्या स्वातंत्र्याबाहेर राहिलीं. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचाच वकील. रझाकारांच्या जुलमानें गांवें त्रस्त झालीं. कित्येक कुटुंबें घरदार सोडून सरहद्दीपार गेलीं. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या लढ्यांतील तरुण संस्थानाच्या सीमेवरील छावण्यांतून राहूं लागले. नांदेडच्या बाजूची अशी एक छावणी वऱ्हाडांत उमरखेडला होती. ३० जानेवारी १९४८ रोजीं, ज्या दिवशीं दिल्लींत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशीं, नांदेड जिल्ह्यांतील उमरीच्या बँकेवर या तरुणांनीं छापा घातला. पुढें १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. लढाई संपली, असें जाहीर झालें.

त्यानंतर हे तरुण घरीं आले. कवायती सैन्यांतल्या शिपायाची सुटका टप्प्याटप्प्यानें होते. पलटण असते, बराक असते, सोबती असतात, डॉक्टर असतो. या तरुणांना छावणी आणि घराचें माजघर यांच्यामध्यें एका प्रवासाचेंच काय तें अंतर होतें. काल ज्याच्या हातीं बंदूक होती त्याला आज आईनें विहिरीवरून पाणी आणावयास सांगितलें असेल, वडिलांनीं अर्धवट राहिलेल्या परीक्षेचें विचारलें असेल. आणि त्याच माजघरांत मॅट्रिकच्या वर्गांत शिकणारा धाकटा भाऊ किंवा परकरांतून नुकतीच साडींत आलेली बहीण बसलेली असेल. त्यांना दादाच्या तोंडून पराक्रमाची कथा ऐकावयाची होती. दादा मात्र बोलत नव्हता.

या न बोलण्याचा अर्थ लावावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. ज्या घरांतून पांडवप्रतापाच्या पोथीचें वाचन होत असे त्या घरांना महाभारत परकें नव्हतें. इरावती कर्वे यांचें 'युगान्त' (१९६७) आणि दुर्गाबाई भागवतांचें 'व्यासपर्व' (१९६२) या ग्रंथांनीं महाभारताकडे माणसांची कथा म्हणून पाहण्याची दृष्टि मराठी वाचकाला दिली. त्याच दृष्टीनें शांतिपर्वाच्या आरंभींचे अध्याय वाचले तर असें दिसतें कीं, लढाईहून परतलेला थोरला भाऊ आणि त्याच्याशीं कसें वागावें हें न कळणारीं धाकटीं भावंडें हाच तेथील विषय आहे. आपण शांतिपर्वाला राजधर्माचा आणि मोक्षधर्माचा संग्रह समजून दुरूनच नमस्कार करतों, म्हणून ही गोष्ट नजरेंतून निसटते.

युद्ध जिंकलेलें आहे. मृतांना तिलांजलि देतांना कुंतीनें सांगून टाकलें आहे कीं, कर्ण हा तिचाच ज्येष्ठ पुत्र. म्हणजे ज्याला आपण शत्रु म्हणून मारविलें तो आपला थोरला भाऊ होता, हें युधिष्ठिराला विजयानंतर कळतें. तो नारदाला एक विलक्षण आठवण सांगतो. द्यूतसभेंत कर्णाचे कठोर शब्द ऐकून त्याला संताप येई. परंतु कर्णाच्या पायांकडे दृष्टि गेली कीं तो निवे, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे दिसत. कारण तेव्हां उमगलें नाहीं. उमगलें तेव्हां उशीर झाला होता. पश्चात्तापाचें एवढें खरें चित्र जागतिक वाङ्मयांतहि विरळा. युधिष्ठिराचा राग मग घरांतल्याच माणसावर, आईवर, वळतो. स्त्रियांच्या मनांत गुपित राहणार नाहीं असा शाप तो देऊन बसतो. राज्य नको, वनांत जातों, असा त्याचा धोशा सुरू होतो.

आतां भावंडांकडे पाहावें. अर्जुन अर्थाचें महत्त्व पटवूं लागतो. भीम चिडून म्हणतो कीं, हें वागणें विहीर खणून पाणी न मिळवितां अंगाला चिखल माखून परतणाऱ्या माणसासारखें आहे. नकुल गृहस्थधर्माचा पाठ वाचतो. द्रौपदी तर स्पष्टच सांगते कीं, थोरला वेडा झाला म्हणजे धाकटेहि त्याच्यामागें जातात. असा माणूस औषधोपचाराला योग्य होय, त्याला धूप, अंजन आणि नस्य द्यावें. युद्धाहून आलेल्याचें दुःख ही एक व्याधि असूं शकते, असें भरल्या सभेंत एका स्त्रीनें म्हणावें हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पण या सर्वांचा सूर एकच आहे: आम्ही तुझ्यासाठीं इतकें सोसलें, आतां तूं पूर्वीसारखा हो. त्यांचे युक्तिवाद एकाहून एक सरस आहेत आणि सारेच व्यर्थ जातात.

या भाषणांत सर्वांत धाकट्या सहदेवाचें भाषण छोटें आहे. तोहि थोडें तत्त्वज्ञान सांगतो. ममत्वांत मृत्यु आहे आणि निर्ममतेंत ब्रह्म आहे, असें कांहींसें. परंतु शेवटीं त्याचा धीर सुटतो. तूंच माझा बाप, तूंच आई, तूंच भाऊ आणि गुरु. मी दुःखानें बडबडलों, मला क्षमा कर, अशा अर्थाचें तो बोलतो. थोरल्याचें दुःख पाहून मलाहि दुःख होत आहे, एवढी साधी गोष्ट इतरांच्या मोठमोठ्या भाषणांत हरवते आणि या धाकट्याच्या तोंडून बाहेर पडते. व्यासांनीं या क्षमायाचनेला उत्तर दिलेलें नाहीं. पुढची वक्ती द्रौपदी बोलूं लागते आणि सहदेव गप्प बसतो. मराठवाड्यांतल्या त्या माजघरांतील धाकट्यांचें स्थान हेंच होतें.

युधिष्ठिराला अखेर उभें केलें तें भावांच्या युक्तिवादांनीं केलें नाहीं. व्यास आणि कृष्ण यांच्या समजावण्यानें तो नगरांत आला, सिंहासनावर बसला. पण मन शांत करण्यासाठीं त्याला भीष्माकडे जावें लागलें. भीष्म स्वतःच बाणांवर पडलेला, त्याच युद्धाचा जखमी. अठरा पर्वांत सर्वांत मोठें जें पर्व, तें एका जखमी माणसानें दुसऱ्याचे प्रश्न धीरानें ऐकण्याचें आणि उत्तरें देण्याचें पर्व आहे. लढाई अठरा दिवसांत आटोपली. तिच्या मागून येणाऱ्या बोलण्याला तिच्याहून मोठी जागा लागली. महाभारतकारांचें हें प्रमाणाचें भान आमच्या आधुनिक लेखकांनीं घेतलेलें नाहीं.

तें कां घेतलें नाहीं, याचेंहि उत्तर शांतिपर्वांतच आहे. युधिष्ठिर नगरांत प्रवेश करतो तेव्हां जयघोषांत एकटा चार्वाक उठून म्हणतो कीं, आप्तांना मारून मिळविलेलें हें राज्य निंद्य आहे. ग्रंथ त्याला दुर्योधनाचा मित्र, राक्षस ठरवितो आणि ब्राह्मण त्याला तेजानें जाळून टाकतात. तथापि तो जें बोलला तेंच युधिष्ठिराच्या मनांत होतें. आमच्या १९४८ च्या विजयाच्या मागेंहि असें एक न बोललेलें वाक्य आहे. रझाकारांनीं केलेले अत्याचार खरे आणि त्यांविरुद्धचा लढा न्यायाचा, याविषयीं शंका नको. परंतु पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली तीहि तितकीच खरी. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें त्या वेळीं संस्थानांत फिरून जो अहवाल दिला त्यांत सर्वाधिक झळ पोंचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांचीं नांवें आहेत. लातूरचा उल्लेख तर विशेष आहे. संस्थानभर सत्तावीस ते चाळीस हजार माणसें मारलीं गेलीं असावीत असा समितीचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशकें दडवून ठेवण्यांत आला. परत आलेला दादा ज्या गोष्टीविषयीं बोलत नव्हता ती केवळ त्यानें सोसलेली होती कीं त्यानें पाहिलेलीहि होती, हा प्रश्न विचारण्याचें धैर्य धाकट्याला होणें कठीण होतें. आणि शेजारच्या मोहल्ल्यांतहि असेच कोणाचे थोरले भाऊ होते, त्यांतले कित्येक परत आलेच नाहींत, ही गोष्टहि त्याच्या शाळासोबत्यांच्या रिकाम्या जागांवरून त्याला कळतच असेल.

मुक्तिसंग्रामावरील स्मृतिलेखनाचा ओघ स्वाभाविकपणेंच १७ सप्टेंबर या तारखेकडे वाहतो. स्वामीजींच्या आठवणी आणि अनंत भालेराव यांचा इतिहास हे आदरणीय ग्रंथ आहेत. मराठवाड्याचा स्वाभिमान त्यांनीं शब्दांत उभा केला. परंतु ते लढणाऱ्यांचे ग्रंथ आहेत. लढा जेथें थांबतो तेथून माजघराची कथा सुरू होते, आणि ती सांगण्याचा अधिकार धाकट्यांचा आहे. कारण दादा जाण्यापूर्वीं कसा हंसत असे आणि आल्यावर कसा हंसतो हें दोन्ही त्यांनीं पाहिलेलें असतें. नांदेडचे नरहर कुरुंदकर १९३२ सालीं जन्मले. पोलीस कारवाईच्या वेळीं ते सोळा वर्षांचे होते. महाभारतावरील त्यांचें लेखन पुढें 'व्यासांचें शिल्प' या नांवानें ग्रंथरूप झालें. ज्या पिढीनें कुमारवयांत तो कालखंड पाहिला तिच्यांतल्या एका विचारवंताला महाभारत जवळचें वाटावें, यांत मला तरी नवल वाटत नाहीं.

त्या काळीं जीं मुलें सोळा वर्षांचीं होतीं तीं आतां नव्वदीपार गेलीं आहेत. थोरल्यांच्या नांवानें चौकांत स्तंभ उभे राहिले आहेत, दरवर्षीं १७ सप्टेंबरला त्यांना हार घातले जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु स्तंभ दचकून उठत नाहीं, ताटावरून उठून जात नाहीं. जो माणूस तसें करीत होता त्याला ओळखणारें एखादें भावंड नांदेडला किंवा लातूरला अजून कोणाच्या घरांत बसलेलें असेल, तर त्याच्यासमोर वही घेऊन बसणें हें आजच्या मराठी लेखकाचें काम आहे. सहदेवाला कोणी उत्तर दिलें नाहीं. निदान त्याचें बोलणें लिहून घेणारा कोणी होता, म्हणून तें आपल्यापर्यंत आलें.